फिरावं, पण डुलू नये

सुभद्राआत्या बेरिंग घ्यायची ती कानानं. बाजारात बायका टरबूज थोपटून घेतात, नारळ हलवून घेतात, तशी आमची आत्या बेरिंगच्या भोकात डाव्या हाताचं बोट घालायची, उजव्या हातानं बाहेरची कडी गरकन फिरवायची आणि डोळे मिटून ते कानाशी न्यायची. दुकानदार गप्प, मी गप्प, शेजारचं गिऱ्हाईकसुद्धा गप्प. कडी फिरत राहायची आणि आत्याच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून जायच्या. "हे बराबर हाय," असं ती म्हणाली की ते बेरिंग आमचं. मधेच कुठं बारीक खरखर ऐकू आली, तर मात्र ती ते दुकानदाराच्या पुढ्यात असं आदळायची, जणू त्यानं तिला किडकी तूरच दाखवली असावी. तिच्या लेखी जगात दोनच प्रकारची बेरिंगं होती, फिरणारी आणि भंगार. हाच आमच्या अख्ख्या घराचा नियम होता, कारण आमचं घर गिरणीवर जगत होतं. आणि ह्याच नियमानं आम्हा आत्या-भाचीला असं काही गोत्यात आणलं की विचारू नका.

गिरणी आजोबांनी टाकलेली. भोकरदनच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत, पुढं गिरणी आणि मागं घर, मधे एकच भिंत. सकाळी इंजिन सुरू झालं की फळीवरची भांडी थरथरायला लागायची आणि पट्ट्याचा सांधा चाकावरून जाताना फट् फट् वाजायचा. त्या आवाजात आम्ही जेवलो, भांडलो, परीक्षेचा अभ्यास केला. आमच्याकडं अजून सगळे मोठ्यानं बोलतात. माझी सून नवी नवी आली तेव्हा रडकुंडीला आली होती; तिला वाटायचं, सासूबाई सारख्या ओरडतात. मी तिला म्हटलं, अगं बाई, मी ओरडत नाही, माझ्या डोक्यात अजून पट्टा फिरतोय. दुपारी माय भिंतीपलीकडून परात पाठवायची, त्यात आत्या गरम गरम ज्वारीचं पीठ घालून द्यायची, आणि त्या पिठाच्या भाकरीबरोबर येसर आमटी आणि शेंगदाण्याचा ठेचा. एवढं जेवून परत पट्टा चढवायचा.

सुभद्राआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला आष्टीला दिली होती, पण वर्ष उलटायच्या आत ती पत्र्याची पेटी घेऊन परत आली. का, ते कुणी विचारलं की म्हणायची, "त्यांची न् माझी चाल जुळली न्हाई." पुढं कुणी विचारायची हिंमत करत नसे. आजोबांनी तिला गिरणीवर उभी केली आणि ती तिथंच रमली. गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीनं टाकी लावणं, पट्टा शिवणं, इंजिनाचं तेल बदलणं, सगळं ती करायची. पदर खोचलेला, भुवया पिठानं पांढऱ्या, कमरेला गिरणीची किल्ली. दादा, म्हणजे माझे वडील, बियाण्याचं दुकान चालवायचे. त्यांचं एकच पालुपद असायचं, "आक्का, आता बस कर. गिरणीवर एक माणूस ठेवू, तू घरात आरामात राह्य." त्यात बहिणीवरची माया होती आणि लोक काय म्हणतील ही धास्तीही होती. आत्याला ह्यातलं काहीच नको होतं. तिला गिरणी पाहिजे होती.

दुर्बिणीचं खूळ मात्र माझं. मी तेव्हा अकरावीला होते. वाचनालयात घरच्या घरी दुर्बीण कशी करावी ह्याचं एक जुनं पुस्तक सापडलं, ते मी गिरणीत बसून मोठ्यानं वाचत होते, आणि काचेच्या दोन जाड चकत्या एकीवर एक ठेवून मधे पूड घालून घासायच्या, हे वाक्य आलं तसा आत्यानं हातातला डबा खाली ठेवला. "म्हंजे जातंच की! आण ती काच. बघू काय म्हनती." झालं. तिनं ड्रम उलटा घातला, त्यावर काच बसवली, आणि दळण नसेल तेव्हा आम्ही दोघी त्याच्याभोवती फिरत फिरत घासत बसलो. माय म्हणायची, आत्या-भाची प्रदक्षिणा घालून राह्यल्यात, देव कोणता ते त्यांनाच ठाऊक. उन्हाळा गेला, पावसाळा गेला आणि काचेला खोलगट पोट आलं. औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला, पाठवून तिच्यावर चांदीसारखा थर चढवून आणला. आत्यानं त्या आरशात स्वतःचं तोंड बघितलं, आणि ते एवढं मोठं दिसलं की ती दचकून म्हणाली, "अगं माय, मी अशी हाय का!"

आरसा झाला, पत्र्याची नळी झाली, आता राहिला तो सांभाळणारा सांगाडा. आणि खरी मेख इथंच असते. पृथ्वी फिरते, त्यामुळं दुर्बिणीत धरलेला तारा बघता बघता बाजूला सरकून निघून जातो. त्याच्या मागं जायचं तर दोन दांडे लागतात. एक ध्रुवाकडं तोंड करून तिरका, दुसरा त्याच्या डोक्यावर आडवा, आणि दोन्ही बेरिंगवर फिरणारे. मग ध्रुवाकडचा दांडा हळूहळू फिरवत राहिलं की तारा जागेवर राहतो. पुस्तकात लिहिलं होतं, दांडे पुरेसे जाड असावेत आणि बेरिंगं योग्य असावीत. पुरेसे म्हणजे किती आणि योग्य म्हणजे कोणती, हे त्या लेखकानं स्वतःपाशीच ठेवलं होतं. भला माणूस! आत्या म्हणाली, "त्याला काय विचारायचं? बेरिंग मला कळतंय."

मग आम्ही जालन्याला गेलो. तो दिवस आठवला की अजून माझ्या अंगात उत्साह संचारतो. एसटीतून उतरलो आणि आत्या जी निघाली, ती जत्रेला निघाल्यासारखी. जालन्यात लोखंडाच्या भट्ट्या, त्यामुळं कुठकुठलं भंगार तिथं येऊन पडायचं. गल्लीच्या गल्ली भरलेली. मोडलेल्या मोटारी, पंप, सरकी काढायच्या मशिनी, आणि एका दुकानापुढं तर नुसत्या बेरिंगांचा ढीग, उन्हात तेलानं चकाकणारा. मला सोन्याची खाण दिसल्यासारखं झालं. दुकानाचे मालक बशीरभाई खाटेवर बसून चहा पीत होते.

"क्या होना बाजी? गिरणी की?"

"गिरणीची न्हाई," आत्या म्हणाली. "आभाळ बघायच्या मशीनची."

"आसमान की?" बशीरभाई अजिबात न हसता म्हणाले, "वो माल अभी रस्ते में है. तब तक जमीन की देख लो."

आत्या पोटभर हसली आणि ढिगापुढं फतकल मारून बसली. उचल, बोट घाल, फिरव, कानाशी ने. उचल, फिरव, फेक. मीही तेच करत बसले. आमचे हात कोपरापर्यंत काळे झाले. बशीरभाईंनी आम्हाला चहा पाजला, मग भजी मागवली, मग स्वतःच खाली बसून आमच्याबरोबर बेरिंगं फिरवायला लागले. शेवटी आत्याला पाहिजे होती तशी सापडली. एकदा फिरवली की थांबायचं नावच नाही. बशीरभाई म्हणाले, "इसको घुमाके आप भोकरदन जाके आओ, घूमतीच रहेगी." मग दांडे. तिथंही आत्याची नजर एका सरळसोट, आरशासारख्या चकचकीत गजावर गेली, माझ्या अंगठ्याएवढ्या जाडीचा. तिनं एक डोळा मिटून तो बंदुकीसारखा धरला. "रेष हाय रेष! जराबी वाक न्हाई." परतीच्या एसटीत तो गज आम्ही दोघींच्या मांडीवर आडवा ठेवला होता आणि कंडक्टर दर स्टॉपला त्याला अडखळून आमचा उद्धार करत होता. आम्हाला काय त्याचं! आम्ही आमच्या बेरिंगांच्या गप्पांत दंग.

कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून सगळं जोडून घेतलं. खाली गिरणीचा जुना झिजलेला दगड, त्यावर खांब, खांबावर त्या गजाचे कापलेले दोन दांडे, एका बाजूला नळी आणि तोल साधायला दुसऱ्या बाजूला तराजूची लोखंडी वजनं. गिरणीच्या पटांगणात तो सांगाडा उभा राहिला आणि बोटाच्या टिचकीनं नळी गरगर फिरली, तेव्हा आत्या अशी खूश झाली की तिनं त्या दिवशी उधारीवाल्यांनाही हसून दळण दिलं.

नवरात्र सुरू होतं. उपासाचं दळण वेगळं असतं, त्यासाठी गिरणी धुऊन पुसून लख्ख करावी लागते, त्यामुळं बायकांची ही गर्दी. त्यात मालनकाकू होती. गल्लीतली सगळ्यात तिखट जिभेची बाई, आणि आत्याची लहानपणची मैत्रीण, त्यामुळं तिला सगळं माफ. भगरीचा डबा मांडीवर घेऊन ती म्हणाली, "सुभद्रे, वरीस झालं काच घासून राह्यलीस. हातावरच्या रेघा गेल्या असतील की. दिसलं का वरचं काही?"

"कोजागिरीला ये, मालन. ह्याच पटांगणात तुला गुरू दाखविते. आन् त्याच्याभवती फिरणारे चार चंद्र."

"चार? आपल्याला एक पुरंना का?" बायका हसल्या. "आन् न्हाई दिसले तर?"

आत्याचा पारा चढला. तिनं कमरेची किल्ली काढून वर धरली. "न्हाई दिसले तर ही किल्ली रंग्याच्या हातात. पुन्हा गिरणीचा उंबरा चढणार न्हाई. ठेवा म्हनावं मानूस!"

रंग्या म्हणजे दादा. ते नेमके दारातच उभे होते. "साऱ्यांनी ऐकलं ना?" ते म्हणाले.

"मीबी ऐकलं," मालनकाकू म्हणाली, "पर आम्ही रांगेनं बघनार हां. दर बाईला तू येऊन नळी हलवनार न् दिसतंय दिसतंय म्हननार, असं न्हाई चालायचं. तुझ्या मशीननं आपल्या जागी थांबलं पाह्यजे."

"थांबंल की! न थांबायला काय झालं?" आत्या म्हणाली.

त्याच संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा गुरूवर नळी धरली. मी डोळा लावला आणि किंचाळलेच. गुरू ठिपका नव्हता, चकती होती! खरीखुरी, गोल, फिकट पिवळी चकती! "आत्या, चकती! चकती दिसली!" म्हणून मी बाजूला झाले, आत्यानं डोळा लावला, आणि म्हणाली, "कुठंय? नुसता अंधार हाय." मी पुन्हा लावला, सापडवला, हात सोडला, नळी गेली भलतीकडं. हात सोडला की ती निघालीच. वाऱ्याची झुळूक आली, निघाली. मी श्वास टाकला, निघाली. आणि धरून ठेवली तर ते चकचकीत दांडे असे थरथरायचे की गुरूची नुसती वळवळणारी रेघ व्हायची. चंद्रबिंद्र राहिले बाजूला, गुरूच धड दिसेना. आत्यानं वाऱ्याला शिव्या दिल्या, मला शिव्या दिल्या, वजनं इकडची तिकडं केली. मग गिरणीवालीला जे सुचायचं तेच तिला सुचलं. बेरिंग नीट फिरत नसेल, असं म्हणून तिनं ती सगळी काढली, रॉकेलमध्ये धुतली, पातळ तेल घातलं आणि पुन्हा बसवली. आता तर नळीकडं नुसतं बघितलं तरी ती फिरायला लागली! मला रडू यायला लागलं.  त्या रात्री जेवताना ती सारखी कमरेची किल्ली चाचपत होती. घरात बसलेली सुभद्राआत्या माझ्या डोळ्यांपुढं येईना. आली असती तरी मला बघवली नसती.

मग आली खंडेनवमी. वर्षातला तो एक दिवस गिरणी बंद. इंजिन, दगड, पट्टा, तराजू, छिन्न्या, दादांच्या दुकानातलं माप, माझी कंपासपेटी, सगळं धुऊन पुजायचं, आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. माय आदल्या दिवशी पिंपळगाव रेणुकाईला माहेरी गेल्ती, येताना देवीचं कुंकू घेऊन आल्ती. सकाळी आम्ही न्हाऊन येईपर्यंत तिची पूजा उरकलीही होती. मी पटांगणात आले आणि बघतच राहिले. दुर्बिणीचा सांगाडा नवरीसारखा नटला होता. झेंडूची माळ, दांड्यांवर कुंकवाची बोटं, आणि चारही बेरिंगांत, उघड्या बेरिंगांत, हळद, कुंकू, अक्षता ठासून भरलेल्या आणि वरून नारळाचं पाणी.

आत्या जी ओरडली, ती आष्टीपर्यंत ऐकू गेली असेल. "कमल! हे काय केलंस? बेरिंग हाय का देव्हारा?"

माय भांबावली. "वन्सं, तुमचा इतका जीव टांगणीला लागला, म्हनून मी जरा जास्तच घातलं. देवीचं कुंकू हाय, बिलकुल चांगलं. त्यानं वाईट कसं हुईल?"

"त्यानं वाईट हुईल! आता धुवायचं तरी कसं? हात लावता येतो का?"

"न्हाई," माय म्हणाली. एरवी ती आत्यापुढं शब्द बोलत नसे, पण पूजेच्या बाबतीत ती हटणारी नव्हती. आत्या धुसफुसत सांगाड्याभोवती फिरली. मग इकडंतिकडं बघून तिनं नळीला एक बोट लावलं. "हात कुठं लावला? बोट लावलं," असं ती मायकडं न बघता म्हणाली. नळी जराशी सरकली. आणि थांबली. तिनं अजून ढकललं. सरकली, थांबली. वारा आला, झेंडूची माळ हलली, नळी हलली नाही.

आत्या तशीच जमिनीवर बसली. तिच्या चेहऱ्यावर मी असं काही कधी पाहिलं नव्हतं.

"नंदे," ती म्हणाली, "अगं, हे थांबून राह्यलं."

"हळद-कुंकवाचा चिखल झालाय आत," मी म्हटलं.

"तेच म्हनते मी! आपून सारं भंगार पालथं घालून फिरनारं बेरिंग आनलं. आपल्याला थांबनारं पाह्यजे होतं. गिरणीचं डोकं घेऊन आभाळ बघायला गेलो गं आपून!" आणि ती अशी हसायला लागली की माय घाबरून पाणी घेऊन आली.

पण हळद-कुंकवावर काही दुर्बीण चालत नाही. अक्षता आत चिरडून नळी कच्च कच्च धक्के खात सरकायची, आणि दांड्यांची थरथर होती तशीच होती. पाहिजे होतं काय, ते आता कळलं होतं. ढकललं तर लोण्यासारखं सरकणारं, सोडलं तर तिथंच राहणारं. ते आणायचं कुठून? दसऱ्याच्या दिवशी पुरणपोळीच्या पंगतीत आमची तीच चर्चा. दादा शेजारी मान खाली घालून जेवत होते. पैज त्यांच्या बाजूनं चालली होती, त्यांनी बोलायचं कारणच नव्हतं. मी म्हटलं, "आत्या, बेरिंगमध्ये चिंधी कोंबली तर?"

दादांचा घास हातातच राहिला. "चिंधी? बेरिंगमधी चिंधी?"

"मंग काय करावं?" आत्या म्हणाली.

"अगं, टायरगाडी न्हाई बघितली का कधी जन्मात? तिच्या हबात शंकूसारख्या रोलरची बेरिंगं असतात. दोन, तोंडाला तोंड लावून. भाईर नट असतो. आवळला की चाक जड, ढिल्ला केला की हलकं. चाक फिरावं, पन डुलू नये, इतकाच आवळायचा. आन् ते काड्यांवानी दांडे काय लावलेत? आस कसा मनगटाएवढा पाह्यजे, म्हंजे मग बैल उधळले तरी..." इथं त्यांच्या लक्षात आलं की आपण काय करतोय. ते एकदम थांबले. कटाच्या आमटीत पोळी बुडवून खायला लागले. माय पदरात हसली आणि म्हणाली, "अजून एक पोळी वाढू का?"

परसात दादांची टायरगाडी पडलेली होती. वरची चौकट, म्हणजे साटा, मोडलेला, चाकं काढलेली, पण आस हबांसकट धडधाकट. दुकान सुरू केलं तेव्हा बियाण्याची पोती त्यांनी त्या गाडीनं वाहिली होती, म्हणून ती कुणाला विकू देत नव्हते की तोडू देत नव्हते. माझी तर मागायची छाती नव्हती. आत्यानंही दुपारभर आसाचं नाव काढलं नाही. संध्याकाळी दादा सीमोल्लंघन करून आले, दारात मायनं ओवाळलं, आणि रिवाजाप्रमाणं ते थोरल्या बहिणीच्या पाया पडले, आपट्याची पानं पुढं करून म्हणाले, "घे आक्का, सोनं."

आत्यानं हात मागं घेतले. "सोनं राहू दे. आस दे."

"आक्का!"

"सणाचा दिवस हाय, रंग्या. बहीण मागून राह्यली."

दादा आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. मग कपाळावर हात मारून म्हणाले, "घे बाई घे! हरायचंच असंल तर माझ्याच गाडीवर बसून हर!" आणि सोनं द्यायला आलेली पोरं दारात खोळंबली असताना आत्यानं दादांना अशी मिठी मारली की त्यांची टोपी पडली.

एका आसाला दोन टोकं असतात, आणि आम्हाला दोनच दांडे पाहिजे होते. दोन्ही टोकांना बेरिंगांच्या बैठका, आटे, नट, सगळं जागच्या जागी. हे मला परसात उकिडवं बसल्या बसल्या उमगलं, तेव्हा मी अक्षरशः उड्या मारल्या. पुढं आयुष्यभर मी तंत्रनिकेतनात पोरांना मशीन ड्रॉइंग शिकवलं, कितीतरी हुशार रचना फळ्यावर काढल्या, पण त्या संध्याकाळची उडी पुन्हा मारता आली नाही. आता तर गुडघेच साथ देत नाहीत. आम्ही आस मधोमध कापला, एक तुकडा ध्रुवाकडं तिरका, दुसरा त्याच्या हबावर आडवा. आत्यानं रोलर रॉकेलनं धुतले आणि ह्या खेपेला पातळ तेल नाही, घट्ट ग्रीस भरलं. मग नट आवळायला बसली. सवयीनं कान न्यायची, मग स्वतःवरच चिडून मागं यायची. "कान न्हाई, सुभद्रे, हात!" असं पुटपुटत ती पाना जरासा फिरवायची, नळी ढकलायची, पुन्हा जरासा. एका जागी ती थांबली, पाना खाली ठेवला आणि मला म्हणाली, "ढकल." मी ढकललं. नळी मऊ मऊ सरकली आणि मी बोट काढलं तिथं राहिली. मी तिच्यावर थाप मारली. थरथर उठली आणि उठल्या उठल्या विरली. आम्ही एकमेकींकडं बघितलं आणि दोघी एकदमच बोलायला लागलो, काय बोललो ते मात्र आता आठवत नाही.

कोजागिरीला पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. चुलीवर दुधाचं मोठं पातेलं, वेलदोड्याचा वास, पोरांचा कालवा. चंद्र वर आला, गुरू कडुनिंबाच्या शेंड्यावर आला, मी नळी धरली. चकती. आणि तिच्या दोन्ही बाजूंना, एका रेषेत, सुईच्या टोकाएवढे लखलखते ठिपके. मी मोजले. पुन्हा मोजले. माझं काळीज इतकं धडधडत होतं की मला वाटलं त्यानंच नळी हलेल.

"हो बाजूला," मालनकाकू म्हणाली आणि वाकली.  आत्या दोन्ही हात मागं बांधून लांब उभी, नळीला आपला हात लागला असं कुणी म्हणू नये म्हणून.  मालनकाकूनं एक हात वर केला आणि एकेक बोट उघडायला लागली. एक. दोन. तीन. चौथं बोट काही उघडेना. "थांबा... कडंला एक हाय. चार! अगं बाई, चार हायेत! सुभद्रे, चार हायेत गं!"

काय कल्ला झाला म्हणून सांगू! रांग लागली, एकामागून एक बायका वाकत होत्या, किंचाळत होत्या, आणि गुरू जागचा हलत नव्हता. मधेमधे मी फक्त, पृथ्वी फिरते तेवढ्यापुरता, तिरका दांडा केसभर फिरवत होते. दादा सगळ्यांत मागं उभे होते. लोकांनीच त्यांना पुढं ढकललं. ते वाकले, खूप वेळ बघितलं, मग सरळ होऊन मोठ्यानं म्हणाले, "चार हायेत. गिरणी आक्काची." आणि हळूच आत्याला म्हणाले, "मानूस ठेवायचं काढनार न्हाई पुन्हा." आत्याला काहीतरी जहाल बोलायचं होतं, तिनं तोंडही उघडलं, पण तिला हुंदका आला आणि ती पाठ फिरवून दुधाच्या चुलीकडं गेली.

तिथं माय होती. सगळ्या गल्लीला दूध वाटत ती तिथंच बसून होती, एकदाही उठली नव्हती. आत्यानं तिच्या हातातली पळी काढून घेतली आणि तिला दंडाला धरून आणलं. मायनं हात पदराला पुसले, डोक्यावरचा पदर सावरला, वाकली. आणि वाकलेलीच राहिली.

"वन्सं," ती म्हणाली, डोळा न काढता, "हे आजच हाय का? कोजागिरीचं म्हनून?"

"न्हाई गं. रोजच असतंय."

"रोज?"

"रोज."

"आन् मी रोज ह्याच टायमाला खाली मान घालून भाकरी थापून राह्यले," माय म्हणाली.

मागं दुसऱ्यांदा बघायला आलेल्यांची रांग वाढली होती. कुणीतरी म्हणालं, आवर की आता कमल. माय ओशाळून सरळ व्हायला लागली, तशी आत्यानं तिच्या पाठीवर हात ठेवून तिला तिथंच वाकवून ठेवली, आणि गिरणी चालू असल्यासारखी ओरडली, "थांबा सगळे! कमल बघून राह्यली!"